बंद केल्यावर कुणाला कळतं, हे विचारणाऱ्या कुसुमताई

वैजापूर, कन्नड, खुलताबादच्या आणि या शहरातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांचं ईमेल खातं आपण स्वतः उघडलेलं नाही. ते तहसीलसमोरच्या नेट कॅफेवाल्यानं उघडलं, कॉलेजातल्या क्लार्कनं उघडलं, कुणाचं दिरानं, कुणाचं नवऱ्यानं. पासवर्ड त्यांनीच ठरवला. मोबाईल नंबर घाईत त्यांचाच टाकला. आपण फक्त "झालं का?" एवढं विचारलं आणि घरी आलो. त्याच खात्यावर आपल्या नोकरीचा हुकूम येतो, लेकरांचा प्रवेश येतो, दवाखान्याचा रिपोर्ट येतो, आणि त्याच्या सेटिंगमध्ये काय लिहून ठेवलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आपल्या नावावरच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, ही आपली तक्रार पिढ्यांची आहे. आता तिच्यात भर पडली. ती सेटिंग बदलायचं काम एआयकडं गेलं. आपण बोलायचं, त्यानं करायचं, आणि काय केलं म्हणून विचारलं तर तेही म्हणतं, झालं.

ही तक्रार ऐकून अनेकांनी मान हलवली. तिच्यावर रोज टेबलाशी बसून काम केलं ते प्रा. कुसुमताई दाभाडे यांनी. ताई यंदा साठ वर्षांच्या झाल्या. साठीच्या सत्कारानिमित्त त्यांच्याविषयी लिहायला मला सांगितलं गेलं, हे मी माझं भाग्य समजतो.

त्यांची माझी पहिली ओळख औरंगपुऱ्यातल्या एका सभागृहात झाली. माझं व्याख्यान होतं, यंत्र आणि माणसाचं स्वातंत्र्य. मी तापलो होतो. "एजंट हा शब्द आपल्याला नवा नाही," मी म्हणालो. "आरटीओच्या फाटकाबाहेर तो वर्षानुवर्षं उभा आहे. आता तो तुमच्या मोबाईलमध्ये शिरला, आणि तिथं तर फाटकही नाही." टाळ्या पडल्या. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई उठल्या.

"जय भीम, सर. भाषण चांगलं झालं. त्या एजंटला काय सांगून ठेवलेलं असतं, ते तुम्ही वाचलंय का?"

मी म्हणालो, "सांगून ठेवलेलं म्हणजे?"

"त्याला कामासाठी टूल दिलेली असतात. प्रत्येक टूलबरोबर चार ओळी लिहिलेल्या असतात. त्या ओळी वाचून तो ठरवतो काय करायचं. ईमेलच्या सेटिंगच्या ओळी मी लिहिते. तुम्ही इतकं छान भांडता, तर येऊन त्या ओळींशी भांडा की. हे सगळे तुमच्याच बाजूचे आहेत, ह्यांच्याशी कशाला भांडताय?"

सभागृह हसलं. मीही हसलो, आणि पुढच्या शनिवारी सकाळी सिडकोतल्या त्यांच्या कार्यालयाचा जिना चढलो. तेव्हापासून माझे शनिवार तिथंच जातात.

ताईंचं काम नेमकं काय, हे त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही सांगता येत नाही, म्हणून ते आधी सांगतो. ईमेलची सेटिंग बदलणारा एआय मदतनीस आपल्यासारखा पडद्यावरची बटणं शोधत बसत नाही. त्याच्या हाताशी टूल असतात. एक टूल मेलखालची सही बदलतं, एक सुट्टीत आपोआप जाणारं उत्तर लावतं, एक जाहिराती वेगळ्या काढतं, एक आपल्या मेलची प्रत दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं सुरू किंवा बंद करतं. टूलच्या पोटात काय आहे ते मदतनीसाला दिसत नाही. त्याला दिसतं फक्त बाहेर लिहिलेलं वर्णन. फडताळातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात आणि नव्या माणसानं झाकण न उघडता नुसत्या चिठ्ठ्या वाचून स्वयंपाक करावा, तसा हा प्रकार. चिठ्ठी चुकली तर खिरीत मीठ पडणार, आणि बोलणी मात्र रांधणाऱ्याला बसणार.

पहिल्या शनिवारी ताईंनी माझ्यापुढं एक कागद ठेवला. दुसऱ्या कुणीतरी आधी लिहिलेलं वर्णन होतं: "हे टूल नको असलेले मेल हाताळते."

"हाताळते म्हणजे काय करते?" मी म्हणालो. "पोलीसही मोर्चा हाताळतात."

ताईंचा चेहरा उजळला. "हेच पाहिजे होतं. पुढं?"

"पुसून टाकते की बाजूला ठेवते? आजपासूनचे मेल की जुनेही? आणि एकदा पुसले तर परत येतात का?"

दुपारपर्यंत त्या कागदावर नवा मजकूर आला. "हे टूल यापुढे येणाऱ्या जाहिरातींचे मेल वेगळ्या कप्प्यात ठेवते. आधी आलेल्या मेलना हात लावत नाही. काहीही पुसत नाही. वापरणाऱ्याला मेल पुसायचे असतील तर हे टूल वापरू नये." मी आयुष्यभर शब्दांवर जगलो, व्यासपीठावर शब्दांनी माणसं उठवली, बसवली. पण काय करत नाही हे इतक्या सरळपणे सांगणारं गद्य मी सरकारी आदेशात पाहिलं नव्हतं आणि पक्षांच्या जाहीरनाम्यात तर नाहीच नाही.

त्यांची लिहिण्याची एक रीत आहे. मदतनीसापुढं जाणारं वर्णन शेवटी इंग्रजीत असतं, पण ताई ते आधी मराठीत लिहितात. "इंग्रजीत मॅनेज लिहिलं की पांघरूण घातल्यासारखं होतं," त्या म्हणतात. "मराठीत लिहायला बसलं की सांगावंच लागतं, मॅनेज करतो म्हणजे काय करतो बाबा." मग ते वर्णन त्या एखाद्या भांडखोर वाचकापुढं मोठ्यानं वाचतात. वाचकाचं काम एकच, मुद्दाम चुकीचा अर्थ काढायचा. जितके चुकीचे अर्थ निघतील तितकी ताईंची कळी खुलते. अडाणी प्रश्न असा प्रकार त्यांच्या टेबलावर नाही. "मदतनीसाला ना नवरा-बायकोचं भांडण कळतं, ना भावकी," त्या म्हणतात. "त्याला जे सांगितलं नाही, ते त्याच्यासाठी जगातच नाही."

म्हणून त्या पाल्हाळ लावतात असं कुणी समजू नये. एकदा मी एका वर्णनात माझ्याकडून एक भारदस्त वाक्य घातलं होतं, माणसाच्या प्रतिष्ठेविषयी. ताईंनी ते शांतपणे वाचलं.

"गौतमभाऊ, हे वाक्य वाचून मदतनीस वेगळं काय करील?"

"काही नाही. पण वाक्य चांगलंय."

"मग भाषणात घ्या," त्या म्हणाल्या आणि त्यावर काट मारली. पुढच्या भाषणात मी ते घेतलंही. तिथंही त्यानं कुणी वेगळं काही केलं नाही, हे मला मान्य करावं लागेल.

हा स्वभाव एआय आल्यावर आलेला नाही. ताईंचं मूळ गाव देवगाव रंगारी. शिकून त्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागल्या आणि अनेक वर्षं तिथल्या वर्कशॉपच्या प्रमुख होत्या. प्रत्येक यंत्राजवळ कंपनीची पाटी असायची, यंत्र काय करतं ते सांगणारी. ताईंनी तिच्याखाली आपली पाटी लावली. ड्रिलिंग मशीनवर लिहिलं होतं: "बटण बंद केल्यावरही हे थोडा वेळ फिरत राहतं. थांबलेलं दिसल्याशिवाय हात पुढं करू नका." कंपनीच्या पाटीत ते नव्हतं. मदतनीस तयार करणाऱ्या कंपनीचा मालक समीर हा त्याच वर्कशॉपमधला त्यांचा विद्यार्थी. ताई निवृत्त होताच त्यानं त्यांना घरी जाऊन बोलावलं. आजही तो त्यांना मॅडमच म्हणतो आणि त्यांच्यासमोर खुर्चीत रेलून बसत नाही.

त्यांच्या मायेचा अनुभव मला माझ्या वाईट काळात आला. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायची बंदी घातली. ज्याचं सगळं असणंच बोलण्यात, त्याला गप्प बसवलं की काय उरतं? लोक भेटायला यायचे, माझ्याकडं बघायचे आणि माझ्या बायकोशी बोलून जायचे. एका शनिवारी ताई रिक्षा घेऊन दारात आल्या. "आवाज गेलाय, भांडण तर गेलं नाही ना? चला." त्यांनी मला टेबलाशी बसवलं, पुढं वर्णनाचा कागद आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. मी चिठ्ठीवर आक्षेप लिहायचा, त्या तोंडानं उत्तर द्यायच्या. कार्यालयातला प्रोग्रामर फैज म्हणाला, "सर, आप चुप बैठके और खतरनाक हो गए." आवाज परत येईपर्यंत एकही शनिवार त्यांनी चुकवू दिला नाही. माझ्या प्रकृतीची चौकशी मात्र त्यांनी एकदाही केली नाही. मला कामाला लावलं. त्यांच्या या उपकाराचं ओझं वाटलं नाही, हीच त्या उपकाराची थोरवी.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो. संबंधित बाईंच्या परवानगीनं सांगतो. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, रेखाताई म्हणू.

रेखाताई वैजापूर तालुक्यातल्या. शिक्षणानं नर्स. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून त्या शहरात बहिणीकडं राहायला आल्या होत्या. एका रुग्णालयात त्यांची निवड झाली होती आणि नेमणुकीचा मेल यायचा होता. त्यात कामाचं ठिकाण आणि राहायच्या खोलीचा पत्ता, दोन्ही असणार होतं. महिलांच्या एका मदत केंद्रात आमच्या मदतनीसाची चाचणी ठरली होती. त्याआधी ताई तिथं जाऊन बसल्या, बायकांना काय हवंय ते ऐकायला. मीही बरोबर होतो.

रेखाताई म्हणाल्या, "माझं खातं त्यानंच काढलं व्हतं. माझे मेल त्याच्याकडं जातात असं वाटतंय, कारण मी कुणाला सांगितलं नाय ते त्याला ठावं असतं. ते बंद करायचंय. बाकी काय नको."

त्यांचं खातं उघडून तपासलं, तर खरंच होतं. येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत नवऱ्याच्या पत्त्यावर जात होती. नेमणुकीचा मेल आला असता तर नवा पत्ता त्यांच्या आधी त्याला कळला असता. बंद करायचं काम मदतनीसाकडूनच करून घ्यायचं ठरलं, पण तो केंद्रात अजून आला नव्हता. चाचणी सोमवारी होती आणि रुग्णालयानं मेल त्याच आठवड्यात येईल असं सांगितलं होतं.

ताई कार्यालयात परतल्या आणि त्यांनी मेलची प्रत दुसरीकडं पाठवणाऱ्या टूलचं वर्णन काढलं. "फॉरवर्डिंग सुरू किंवा बंद करते," एवढंच. त्यांनी फैजला विचारलं, "बंद केल्यावर कुणाला कळतं?"

"किसीको नहीं, मॅडम. बंद याने बंद."

"करून बघ."

फैजनं स्वतःच्या खात्यावरून वडिलांच्या पत्त्यावर मेल पाठवणं सुरू केलं आणि मग बंद केलं. थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. वडील होते. ते मोठ्यानं बोलतात, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "क्या रे, मेरेकू बंद कर दिया बोलके मेल आया. मैं क्या किया तेरेकू?"

फैजनं फोन ठेवला. मेल सेवेची ती स्वतःची पद्धत होती. बंद करताच जुन्या पत्त्यावर सूचना जायची, की खातेदारानं तुमच्याकडं मेल पाठवणं थांबवलं आहे. ती सूचना आम्हाला थांबवता येत नव्हती. म्हणजे रेखाताईंनी "बंद कर" म्हटलं असतं, मदतनीसानं आज्ञाधारकपणे बंद केलं असतं, आणि त्याच क्षणी नवऱ्याला कळलं असतं की हिला सापडलं. त्या बहिणीकडं आहेत हे त्याला माहीत होतं. त्या तिथून निघण्याआधीच तो दारात आला असता.

ताईंनी वर्णन नव्यानं लिहिलं. मला ते पाठ आहे. "हे टूल मेलची प्रत दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे थांबवते. थांबवताच त्या पत्त्यावर तशी सूचना जाते. ती रोखता येत नाही, परत घेता येत नाही. म्हणून हे टूल वापरण्याआधी खातेदाराला ही गोष्ट साध्या शब्दांत सांगावी आणि त्याचा स्पष्ट होकार घ्यावा. 'बंद कर' एवढं म्हणणं हा होकार धरू नये."

फैज म्हणाला, "मॅडम, इत्ता लंबा लिखे तो वो पढ़ते पढ़ते सो जाएगा."

"झोपलेला परवडला, फैज. अर्धवट जागा नको."

अडचण फैजची नव्हती, समीरची होती. त्या सोमवारीच पुण्याचे मोठे ग्राहक मदतनीस पाहायला येणार होते आणि त्यांना हवा होता न विचारता पटापट काम करणारा. समीर कागद हातात घेऊन ताईंच्या टेबलाशी आला.

"मॅडम, हा प्रत्येक वेळी विचारत बसला तर ते म्हणतील, हा भित्रा आहे. शेवटची दोन वाक्यं काढू. पुढच्या महिन्यात परत घालू."

मी उठलो. स्वातंत्र्य, संमती, शतकानुशतकं स्त्रीच्या वतीनं बोलणारे पुरुष, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं आणि त्यातलं बरंचसं मी बोललोही. समीर घड्याळाकडं बघू लागला.

"बसा भाऊ," ताई म्हणाल्या. मग समीरकडं वळल्या. "तुझ्या लोकांसमोर ह्यानं एक प्रश्न जास्त विचारला तर तुझं काय जाईल?"

"कदाचित काम जाईल, मॅडम."

"आणि नाही विचारला तर त्या बाईचं?"

ताईंचा आवाज जराही चढला नाही. "काढायचं तर काढ. मालक तू आहेस. पण मग वर्णन लिहिणारी म्हणून माझं नावही काढ. मला माहीत असलेली गोष्ट लपवणारा कागद मी लिहिणार नाही."

समीरनं कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या." पुण्याचं काम त्या खेपेला मिळालं नाही. हे लिहिणं मी आवश्यक समजतो, कारण चांगल्या वागण्याचं बक्षीस लगेच मिळतं अशा गोष्टी सांगून आपण एकमेकांना फसवतो. समीरनं त्यावरून ताईंना कधी एक शब्द ऐकवला नाही, हेही लिहिलं पाहिजे. तो त्यांचाच विद्यार्थी.

सोमवारी केंद्रात रेखाताई मदतनीसाशी बोलल्या. म्हणाल्या, "माझे मेल दुसरीकडं जातात ते बंद कर." मदतनीसानं उत्तर दिलं की, बंद केल्यास त्या पत्त्यावर तशी सूचना जाईल आणि ती थांबवता येणार नाही, आत्ता बंद करू, की थांबू?

रेखाताईंनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाल्या, "थांब."

नंतर ताईंकडं वळून म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं, बंद म्हटलं की झालं. त्याला सांगत जातंय व्हय हे?"

"जातं," ताई म्हणाल्या. "आता तुम्ही ठरवा. आम्ही नाही."

त्यांनी ठरवलं. जुन्या खात्याला हातच लावला नाही. नवं खातं उघडलं, स्वतः, स्वतःच्या नंबरवर. रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन तो नवा ईमेल पत्ता दिला. नेमणूक तिथं आली. बहिणीच्या मदतीनं सामान हलवलं. नव्या खोलीत राहायला गेल्यावर मग त्यांनी मदतनीसाला सांगितलं, आता बंद कर, मला माहीत आहे काय होईल ते.

सूचना गेली. तो आला. बहिणीच्या दारात उभा राहिला, आरडाओरडा केला, शेजारी जमले. रेखाताई तिथं नव्हत्या. तो परत गेला.

एका बाईच्या आणि एका मोठ्या संकटाच्या मधे त्या दिवशी काय उभं होतं? ना कायदा, ना मोर्चा, ना माझं भाषण. कुसुमताईंनी लिहिलेली आणि काढू न दिलेली दोन वाक्यं उभी होती. आपल्या लोकांना लिहिण्याचा अधिकार मिळाला तो कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर मी ती दोन वाक्यं दाखवीन.

रेखाताई आता सुट्टीच्या शनिवारी आमच्याबरोबर वाचायला बसतात. परवा त्यांनी एका टूलचं वर्णन ऐकलं, खात्यात डोकावण्याची परवानगी दुसऱ्या माणसाला देणारं. त्या म्हणाल्या, "परवानगी दिल्यालं कळलं. पण तो बघतोय का नाय, ते मला दिसतं का?" ताई, मी, फैज, समीर, कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. ताईंनी पेन उचललं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आता जुने झालात. मला वाचणारी माणसं कमी पडतायत."

कुसुमताई, तुम्हाला निरोगी, लांब आयुष्य लाभो. डोळे शाबूत राहोत, गुडघे जिना चढू देवोत, आणि राग आज आहे तसाच शांत राहो. तुमच्या पंचाहत्तरीलाही आम्हाला तुमच्याशी भांडायला मिळो. तुमच्या ऋणात राहण्यात आम्हाला आनंद आहे.

आणि बंधू-भगिनींनो, सत्काराच्या दिवशी शाल आणू नका, ताईंकडं शाली पुष्कळ आहेत. ज्यांचं खातं दुसऱ्यानं उघडलं, ज्यांना सेटिंगची भीती वाटते, त्यांनीच यायचं आहे. येत्या शनिवारी सकाळी सिडकोतल्या त्या कार्यालयात या, एका टूलचं वर्णन ऐका, आणि जे समजलं नाही ते ताईंना तोंडावर विचारा.